विजारीची बैठक

पुरुषाच्या विजारीची मोहरी दर पंधरा-वीस वर्षांनी रुंद का होते आणि पुन्हा अरुंद का होते, या प्रश्नाचे उत्तर आजवर बहुधा तरुणांच्या चंचलतेत, चित्रपटांच्या मोहात किंवा परदेशी शिंप्यांच्या लहरीत शोधले गेले आहे. परंतु बिदर आणि कलबुर्गी या दोन सीमावर्ती जिल्ह्यांतील पुरुषी पोशाखाचा गेल्या काही शतकांचा इतिहास नजरेखालून घातला, तर माणूस कशावर बसतो यावर त्याच्या विजारीचा आकार जितका अवलंबून असतो, तितका तो दुसऱ्या कशावरही क्वचितच असतो, असे माझे मत झाले आहे. घोड्यावर मांड टाकणाऱ्याची विजार वेगळी, कचेरीतील खुर्चीवर बसणाऱ्याची वेगळी, मोटारसायकलवर बसणाऱ्याची वेगळी. आणि जाजमावर मांडी घालून जेवणाऱ्या, भजनाला बसणाऱ्या, गावच्या पंचांसमोर आपली कैफियत मांडणाऱ्या माणसाला यांपैकी कोणती सोसते, हा प्रश्न आणखी निराळा आहे. या शेवटच्या प्रश्नाकडे पोशाखाच्या अभ्यासकांनी फारसे लक्ष दिलेले नाही, म्हणून या प्रकरणात त्याला अग्रस्थान दिले आहे.

हे दोन जिल्हे निवडण्याचे कारण असे की, येथे एकाच बाजारपेठेत मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी उर्दू बोलणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या एकाच शिंप्याकडून कपडे शिवून घेत आले आणि राज्ये मात्र त्यांच्या डोक्यावरून बदलत गेली. बहामनी आणि बरीदशाही सुलतान, मोगल सुभेदार, आसफजाही निजाम, सप्टेंबर १९४८ नंतरचे लष्करी आणि मुलकी प्रशासन, आणि अखेर १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्रैभाषिक बिदर जिल्ह्याचे झालेले वाटे : उदगीर, अहमदपूर व निलंगा मुंबई राज्याकडे, जहीराबाद व नारायणखेड आंध्राकडे, आणि बिदर, भालकी, हुमनाबाद व औराद तेव्हाच्या म्हैसूर राज्याकडे. राज्याची सीमा बदलली तरी कापडाची वाट बदलली नाही. बिदरचा माणूस लग्नाच्या कापडासाठी हैदराबादच्या पत्थरगट्टीकडे आणि सुलतान बाजाराकडे पाहत राहिला, तर आळंद आणि कलबुर्गीकडचा मराठी कुटुंबप्रमुख रेल्वेने सोलापूर गाठत राहिला. आणि या दोन दिशांनी दोन वेगळ्या तऱ्हांचा पोशाख या मुलखात येत राहिला.

विजार ही मुळात घोडेस्वाराची वस्तू आहे, ही गोष्ट आता पुराव्याने सिद्ध झाली आहे. चीनच्या पश्चिमेस तुर्फानजवळच्या यांगहाय येथील दफनभूमीत सापडलेल्या लोकरी विजारी ३,००० वर्षांहून अधिक जुन्या असून आजवर ज्ञात असलेल्या विजारींत त्या सर्वांत प्राचीन गणल्या जातात. त्यांची घडण पाहण्याजोगी आहे : दोन पायांसाठी दोन तुकडे स्वतंत्र विणलेले, आणि दोहोंच्या मध्ये, मांड्यांना फाकण्यास अवकाश मिळावा म्हणून, पायऱ्या-पायऱ्यांच्या आकाराचा तिसरा तुकडा जोडलेला. आमच्याकडचे दर्जी पायजम्याच्या ज्या तुकड्याला मियानी म्हणतात, त्याचेच काम हा तिसरा तुकडा करीत होता. इसवी सनापूर्वी ३०७ मध्ये चीनमधील चाओ राज्याच्या वूलिंग राजाने आपल्या सैन्याला उत्तरेकडील भटक्या स्वारांचा पोशाख चढवण्याची आज्ञा दिली, तेव्हा दरबारातील वृद्धांनी परंपरेचा दाखला देऊन तिला विरोध केला होता. विजारीविषयीच्या मतभेदांचा हा बहुधा सर्वांत जुना नोंदलेला प्रसंग असावा. भारतात मथुरेजवळ माट येथे सापडलेल्या कनिष्काच्या शिरोहीन पुतळ्याच्या अंगावरील लांब डगला आणि जाड बूट याच अश्वारोही परंपरेची साक्ष देतात.

दक्षिणेत ही परंपरा ठळकपणे रुजली ती बहामनी काळात. १३४७ मध्ये गुलबर्ग्याला, म्हणजे आजच्या कलबुर्गीला, स्थापन झालेली ही सत्ता पुढच्या शतकात राजधानी घेऊन बिदरला आली, आणि पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी एक घोडा विकण्याच्या खटपटीत चौलच्या बंदरातून जुन्नरमार्गे बिदरला पोहोचला. त्याने लिहून ठेवलेल्या वृत्तान्तातील दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. कोकणच्या किनाऱ्यावर त्याला उघड्या अंगाची माणसे दिसली, आणि त्यांचा राजाही डोक्याला एक वस्त्र आणि कमरेला एक वस्त्र एवढ्यावरच होता. तर बिदरला त्याने सुलतानाची मिरवणूक पाहिली, तिच्यात रत्नजडित वस्त्रे, सजवलेले हत्ती आणि पोशाखी स्वार होते. रयत दरिद्री आणि अमीर-उमराव अतिशय संपन्न, असेही त्याने स्पष्ट नमूद केले आहे. म्हणजे शिवलेले आणि न शिवलेले वस्त्र यांतील अंतर या मुलखात तेव्हा धर्माइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, घोडा बाळगण्याची ऐपत असणे आणि नसणे यांतील अंतर होते. पुढे मराठा शिलेदाराने गुडघ्याजवळ आवळलेला चोळणा आणि घट्ट पायांची तुमान स्वीकारली ती याच कारणाने. तोच माणूस घरी परतल्यावर धोतर नेसून पाटावर बसत असे आणि त्यात त्याला काही विसंगत वाटत नसे.

धोतराची थोरवी येथे नीट समजून घेतली पाहिजे. न कापलेले, न शिवलेले हे वस्त्र बसणाऱ्याच्या हालचालीनुसार प्रत्येक वेळी नवा आकार घेते, आणि म्हणूनच जमिनीवर बसणाऱ्या समाजाला त्याहून सोयीचे दुसरे वस्त्र सापडलेले नाही. गाणगापूरला भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान करून येणारा मराठी यात्रेकरू आजही सोवळे नेसूनच अनुष्ठानाला बसतो, आणि ज्या विजारीने त्याला पुण्या-सोलापुराहून येथवर आणले, ती तेवढा वेळ पिशवीत घडी होऊन पडते. मात्र शिवणकामाला या भूमीने कधी कमी लेखले नाही. बसवण्णांच्या कल्याणात, जे आजचे बसवकल्याण, सुईचे कायक करणारा रामीतंदे हा शरण वचनकारांत गणला गेला, जेडर दासिमय्या हा विणकर त्याच्याही आधीचा. आणि मराठी बाजूला नामदेव तर शिंप्यांच्याच घरचे. कायक म्हणजे श्रम हीच उपासना, असे मानणाऱ्या आणि विठ्ठलाच्या पायी देह ठेवणाऱ्या या दोन्ही परंपरांत सुईदोऱ्याला मान आहे, आणि बिदर-भालकीच्या बाजारात शेजारी-शेजारी दुकाने थाटलेल्या कारागिरांनी तो आपापल्या परीने जपला आहे.

निजामाच्या राज्यात खुर्ची आली ती पहिल्या सालारजंगांच्या दिवाणगिरीत, म्हणजे १८५३ ते १८८३ या तीस वर्षांत. जिल्हे, तालुके, अदालती, जमाबंदीची दफ्तरे, मोहतमीम आणि सरिश्तेदार यांची जी उतरंड तेव्हा रचली गेली, तिला एक पोशाख लागत होता. आणि तो पोशाख म्हणजे शेरवानी. जुन्या अचकनीचा घेर आणि युरोपीय फ्रॉक कोटाची बेतीव कंबर यांच्या मीलनातून घडलेले हे वस्त्र गळ्यापर्यंत बटणांनी बंद, गुडघ्यापर्यंत लांब, आणि खाली पायजमा असे असे. दरबारी प्रसंगी त्यावर डोक्याला दस्तार आणि कमरेला बगलूस चढे. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात फारसीच्या जागी उर्दू ही कारभाराची भाषा झाली, आणि गुलबर्गा सुभ्याच्या कचेऱ्यांत चाकरी धरणारे मराठी देशपांडे-कुलकर्ण्यांचे मुलगे उर्दू शिकले तशी शेरवानीही अंगावर घालू लागले. शेरवानी हे मुसलमानी वस्त्र असा जो समज नंतरच्या काळात रूढ झाला, तो या जिल्ह्यांच्या बाबतीत मुळीच टिकत नाही. ती हुद्द्याची खूण होती, आणि तिच्याखालचा सैल मोहरीचा पायजमा अमलदाराला खुर्चीवर जितका साजत होता, तितकाच तो घरी आल्यावर गादीवर आणि दस्तरखानाशी बसायला सोपा पडत होता. खुर्ची आणि जमीन या दोन्ही बैठका सांभाळणारा असा पोशाख त्यानंतर आमच्याकडे पुन्हा झाला नाही, हे माझे ठाम मत आहे.

ज्यांना शेरवानी नको होती आणि ज्यांना ती परवडत नव्हती, त्यांनी एक मधला मार्ग काढला : वर अल्पाकाचा किंवा जाड सुती कापडाचा बंद गळ्याचा कोट, डोक्याला काळी टोपी किंवा पागोटे, आणि खाली धोतर. पंतोजी, वकील आणि पेठेतला सावकार यांचा हा वेष मराठी मुलखात सर्वत्रच होता. पुढे त्याची पुष्कळ टवाळी झाली, पण या वेषाने वरच्या अर्ध्या देहाला कचेरीचा आणि खालच्या अर्ध्या देहाला घराचा मान दिला होता. महबूबशाही हे सहाव्या निजामाचे नाव धारण करणारी कापडगिरणी त्याच सुमारास गुलबर्ग्याला उभी राहिली, आणि तिच्या जाड्याभरड्या कापडाने ग्रामीण भागाची अंगे झाकली. त्याच महबूब अली खानांचा पोशाखाचा प्रचंड संग्रह हैदराबादच्या पुरानी हवेलीत भल्यामोठ्या लाकडी कपाटांत ठेवलेला आजही पाहता येतो. आणि त्यांचे पुत्र मीर उस्मान अली खान, जे तेव्हा जगातील अत्यंत श्रीमंत माणसांत गणले जात, ते जुनी, विटलेली शेरवानी वर्षानुवर्षे वापरीत. रयतेने या दोघांपैकी कोणाचे अनुकरण केले हे सांगण्याची गरज नाही. कापड जपून वापरणे ही येथे नेहमीच आवश्यकता होती.

इकडे युरोपात विजारीच्या आकारात झालेली उलथापालथ थोडक्यात सांगून पुढे जाऊ. फ्रेंच राज्यक्रांतीपूर्वी तेथील सरदार गुडघ्यापर्यंतची तंग विजार आणि मोजे घालीत. लांब विजार ही श्रमिकाची होती, आणि क्रांतीनंतर तीच प्रतिष्ठित ठरली. लंडनमध्ये बो ब्रमेल याने गडद कोट आणि लांब विजार यांना अभिजनांत मान्यता मिळवून दिली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आखूड कोट, त्याच कापडाची विजार आणि जाकीट असा आजचा सूट रूढ झाला. इस्त्रीची धार आणि खाली दुमडलेली मोहरी शतकाच्या अखेरीस आली. १९२५ च्या सुमारास ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी अवाढव्य घेराच्या विजारी मिरवल्या. आणि १९४२ मध्ये युद्धकाळातील कापडटंचाईमुळे ब्रिटिश सरकारने पुरुषांच्या विजारीची मोहरी दुमडण्यालाच बंदी केली. सैल विजार ही समृद्धीची आणि तंग विजार ही टंचाईची निशाणी असा नियम यावरून काही लेखक काढतात. तो मला पटत नाही, कारण साठीच्या दशकातील तंग विजार ही युरोपातील भरभराटीच्या काळातील आहे. आपल्या देशाने या व्यवहारात एक मोठी देणगी दिली. १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवासाठी गेलेल्या जोधपूरच्या सर प्रतापसिंहांची, मांडीवर सैल आणि पोटरीवर घट्ट अशी विजार पाहून इंग्रज स्वारांनी ती उचलली, आणि पुन्हा एकदा घोड्याने विजारीचा आकार ठरवला.

आमच्या जिल्ह्यांत साहेबी विजार प्रथम दिसली ती सिकंदराबादच्या छावणीतून येणाऱ्या-जाणाऱ्या अमलदारांच्या आणि रेल्वेच्या नोकरांच्या अंगावर. वाडी जंक्शनवर मुंबईहून येणारी गाडी आणि निजामाची रेल्वे एकत्र येत, आणि तेथील स्टेशनमास्तर, गार्ड, तिकीट तपासनीस यांचा गणवेश हाच कित्येक खेडुतांनी पाहिलेला पहिला कोट-पाटलोणीचा संच होता. परंतु सुटाला खरा अर्थ लाभला तो दुसऱ्याच एका माणसामुळे. सप्टेंबर १९२१ मध्ये महात्मा गांधींनी मदुराईला गुडघ्यावरचा पंचा स्वीकारला. आणि कोलंबिया व लंडन येथून विद्या संपादून आलेल्या डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी सूट सोडला नाही. या दोन निर्णयांना परस्परविरोधी मानण्याची प्रथा आहे. मला ते दोन्ही पूर्णपणे विचारपूर्वक घेतलेले आणि दोन्ही आपापल्या जागी अचूक वाटतात. ज्याच्याजवळ वस्त्रे होती त्याने ती उतरवून दरिद्री रयतेशी नाते जोडले; आणि ज्याच्या समाजाला अनेक गावांत गुडघ्याखाली धोतर सोडण्याचीही मुभा नव्हती, त्याने संपूर्ण, नीटनेटका, तीन तुकड्यांचा सूट घालून त्या मनाईला उत्तर दिले. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला स्त्रियांसमोर बोलताना त्यांनी लुगडे इतर स्त्रियांप्रमाणे नीट नेसण्याचा आणि जातीची खूण सांगणारे दागिने टाकण्याचा उपदेश केला होता, तोही याच विचारातून. आज बिदर आणि कलबुर्गीतील गावोगावच्या चौकांत निळ्या सुटातील त्यांचा जो पुतळा उभा आहे, त्याच्या कोटाची बटणे, खिशातील लेखणी आणि विजारीची सरळ धार हे सारे शिल्पकाराने कसोशीने कोरलेले असते, आणि ते तसे असणे अत्यंत योग्य आहे. ज्याला पोशाखाला निव्वळ फॅशन म्हणून हसण्याची सवय आहे, त्याने या पुतळ्याकडे क्षणभर पाहावे.

१९४८ नंतर कचेऱ्यांतून शेरवानी झपाट्याने ओसरली, आणि १९५६ नंतर तर उर्दूच्या जागी कानडी आली. नव्या कारकुनाने बुशशर्ट आणि फुलपँट घातली. शाळकरी मुलाच्या खाकी अर्ध्या चड्डीतून मॅट्रिकच्या सुमारास फुलपँटीत जाणे हा जणू सोळावा-सतरावा संस्कार झाला. थोरल्याची पँट आखूड करून धाकट्याला, आणि धाकट्याची गुडघ्याला विटली की तिची पिशवी, हा क्रम घराघरांत चालला. हे सारे शक्य होते ते शिंप्याने आत सोडलेल्या कापडामुळे, आणि म्हणून त्याचे काम थोडे जवळून पाहणे भाग आहे.

पँटीची मापे शिंपी ठरावीक क्रमाने घेतो : उंची, कंबर, सीट, मांडी, गुडघा, आणि शेवटी मोहरी, जिला आता सारेच बॉटम म्हणतात. गिऱ्हाईकाचे सारे लक्ष या शेवटच्या मापावर असते. "बॉटम किती ठिवू, मामा?" या प्रश्नावर जो विचारविनिमय चालतो तो दुसऱ्या कोणत्याही मापावर चालत नाही. परंतु जुना, जाणता कारागीर ज्या मापाविषयी बोलत नाही आणि ज्याची सर्वांत अधिक काळजी घेतो, ते माप म्हणजे आसन, कमरेपासून दोन पायांच्या सांध्यापर्यंतची खोली. कापड दुहेरी अंथरून तो खडूने आधी उंचीची रेघ मारतो, आसनाची आडवी रेघ मारतो, आणि मग त्या दोहोंना जोडणारा बाक हातानेच काढतो. पुढच्या भागाचा बाक उथळ, मागच्या भागाचा खोल आणि तिरपा. मागची शिवण जितकी तिरपी, तितके वाकताना आणि बसताना मागे कापड पुरते. ती सरळ ठेवली तर उभ्या माणसाची पँट आरशात अतिशय सुबक दिसते, पण तोच माणूस पंगतीत मांडी घालून बसला की मागचा पट्टा कमरेवरून खाली ओढला जातो, गुडघे आवळतात आणि कधी कधी शिवण उसवते. म्हणून पूर्वीचे शिंपी मागच्या शिवणीत प्रत्येक बाजूला चांगली इंच-सव्वा इंच माया सोडत. पोट सुटले, वय वाढले, की ती उसवून पँट मोठी करता येई. एकच पँट लग्नापासून मुलाच्या मुंजीपर्यंत साथ देई. खालच्या मोहरीतही दोन-अडीच इंच कापड आत दुमडलेले असे, ते वाढत्या मुलासाठी.

साठीच्या दशकात देव आनंदच्या चित्रपटांतील तंग पँट आली आणि शिंप्यांनी मोहरी चौदा इंचांवर आणली; सत्तरीत बेलबॉटम आली आणि तीच मोहरी चोवीस इंचांवर गेली. या उलथापालथीचे श्रेय सारे चित्रपटाला दिले जाते, पण तिच्यामागे कापडात झालेले स्थित्यंतर होते. १९४१ मध्ये इंग्लंडात व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी शोधलेला टेरिलीनचा धागा आपल्याकडे टेरीकॉट आणि टेरीवूल या मिश्र कापडांच्या रूपाने आला; १९६६ मध्ये नरोड्याला रिलायन्सने गिरणी घातली आणि पुढे विमलचे कापड तालुक्याच्या दुकानापर्यंत पोहोचले; १९२५ पासून ठाण्याला लोकरी कापड विणणाऱ्या रेमंडचे नाव लग्नाच्या यादीत लिहिले जाऊ लागले. सुती पँटीची घडी संध्याकाळपर्यंत मोडते, टेरीकॉटची मोडत नाही. आणि बेलबॉटमचा तो रुंद, खाली पसरणारा घेर सुती कापडात गुडघ्याजवळच चुरगळून पडला असता. इस्त्री परवडत नसलेल्या कनिष्ठ वर्गातील तरुणाला प्रथमच धुवून, वाळवून, तशीच घालता येण्यासारखी कडक धारेची पँट मिळाली, ही लहान गोष्ट नव्हती. याची किंमत मात्र उन्हाळ्यात मोजावी लागली. कलबुर्गीला वैशाखात पारा ४२-४३ अंशांवर जातो, आणि घाम न शोषणारे ते कापड मांड्यांना चिकटून अंगावर उबाळे उठत. या दृष्टीने सत्तर-ऐंशीच्या काळातील सफारीचा विचार सहानुभूतीने व्हायला हवा. उघडा गळा, अर्ध्या बाह्या, अस्तराचा अभाव, भरपूर खिसे आणि सैल पँट अशी तिची रचना आमच्या हवामानाला इतकी अनुरूप होती की, तीच जर सुती कापडात शिवली गेली असती, तर इंजिनिअर, बँकेचा अधिकारी आणि गुत्तेदार यांच्या अंगावरून ती इतक्या लवकर नाहीशी झाली नसती.

सुटाची कथा याहून करुण आहे. सीमाभागातील मराठी लग्नात वरपोशाख म्हणून सूट देण्याची प्रथा रुजली आणि मुलीच्या बापाच्या खर्चाच्या यादीत हुंडा, घड्याळ, सायकल यांच्या पंक्तीला सुटाचे कापड आणि शिलाई येऊन बसली. लग्ने मेमध्ये, सूट टेरीवूलचा, मांडव पत्र्याचा. अक्षता पडल्यावर तो सूट कपाटात जाई आणि डांबरगोळ्यांच्या वासात पुढची वीस वर्षे काढी. तरीही त्या सुटाचे शिवणकाम मात्र खरे होते, हे मान्य केलेच पाहिजे. छातीच्या कापडाखाली कॅनव्हासचा थर हाताने, तिरप्या टाक्यांनी बसवला जाई, कच्ची शिलाई मारून ट्रायल होई, आणि कॉलरची वळणे हळूहळू देहाच्या आकारावर बसत. आजच्या तयार सुटात तो थर उष्णतेने चिकटवलेला असतो. तो स्वस्त पडतो हे खरे, पण काही धुलायांनंतर छातीवर फुगे येतात आणि मग कोणताही शिंपी तो दुरुस्त करू शकत नाही. आता तर नवरदेवाच्या अंगावर सूटही उरला नाही. बिदर, उदगीर, भालकी येथील मराठा, लिंगायत, ब्राह्मण, दलित अशा सर्वच मांडवांत भरजरी शेरवानी आली आहे, बहुधा भाड्याची. जी वस्तू या नवरदेवांच्या पणजोबांनी कचेरीत रोज घातली आणि आजोबांनी राजकीय कारणाने टाकून दिली, ती नातवाने एका संध्याकाळपुरती परत आणली. शेरवानीच्या या पुनरागमनाने मला मनापासून आनंद होतो. फक्त ती सुती किंवा हिमरूच्या कापडात, अंगाच्या मापाने शिवली जावी, एवढीच इच्छा आहे.

वकिलांच्या पोशाखात मात्र जुने सारे स्तर एकत्र टिकून राहिले आहेत. अधिवक्ता अधिनियम १९६१ अन्वये केलेल्या नियमांत काळा बंद गळ्याचा कोट, चपकन, अचकन, शेरवानी आणि उघड्या गळ्याचा कोट या सर्वांना मुभा असून, खाली पांढरी, काळी, पट्ट्यांची किंवा करडी लांब विजार अथवा धोतर चालते. जीन्सला तेवढी मनाई आहे. सर्वोच्च आणि उच्च न्यायालये वगळता अन्यत्र उन्हाळ्यात काळ्या कोटाची सक्ती नाही. २०१३ पासून कलबुर्गीला उच्च न्यायालयाचे कायम पीठ झाले, त्यामुळे त्याच शहरात मे महिन्यात जिल्हा न्यायालयातला वकील कोटाशिवाय आणि उच्च न्यायालयातला वकील कोट-गाऊनसह उभा राहू शकतो. कायद्याच्या या कलमात धोतर अद्याप जिवंत आहे, आणि एखाद्या ज्येष्ठ वकिलाने ते पुन्हा नेसून युक्तिवाद करावा, अशी माझी फार दिवसांची आस आहे.

या शतकाच्या आरंभी कंबर खाली उतरली, आसन आखूड झाले आणि पायाला चिकटणारी ताणदार कापडाची पँट आली. तिच्यावर संस्कृतीच्या नावाने झालेली टीका मला मान्य नाही; तंग तुमान आपल्या शिलेदारांनीही घातली होती. ती मोटारसायकलची विजार आहे, हे लक्षात घेतले की तिचे रहस्य उलगडते. औराद-भालकीच्या तरुणाचा दिवस दुचाकीवर जातो, साखळीत न अडकणारी आणि वाऱ्याने न फडफडणारी मोहरी त्याला हवी असते, आणि दुचाकीवर तो पुढे झुकून पाय किंचित फाकून बसतो, ज्यात ताणदार कापड साथ देते. जमिनीवर मात्र ते साथ देत नाही. लग्नाच्या पंगती टेबल-खुर्चीवर गेल्या त्याला इतर कारणे असतील, तरी या पँटीचा त्यात हात आहे, असे मला वाटते. माणिकनगरच्या उत्सवात किंवा ख्वाजा बंदेनवाजांच्या उरुसात महाप्रसादाला आणि लंगरला जी तरुण मुले भिंतीशी उभी राहतात, त्यांतील पुष्कळांना खाली बसायचे असते आणि बसता येत नसते. राष्ट्रीय स्वयंसेवक संघासारख्या जुन्या संघटनेने २०१६ मध्ये आपली खाकी अर्धी चड्डी टाकून पूर्ण विजार घेतली, तेव्हा त्या निर्णयाची चर्चा दिसण्याच्या अंगाने खूप झाली. मैदानावर रोज मांडी घालून बसणाऱ्यांसाठी तिचे आसन किती खोल ठेवले, हा प्रश्न कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही.

आता मोहरी पुन्हा रुंदावू लागली आहे. कंबर वर चढत आहे, कमरेखाली चुन्या परत आल्या आहेत, आणि बळ्ळारीच्या कारखान्यांतून येणाऱ्या जीन्सही सैल होत आहेत. या बदलाचे मी स्वागत करतो, पण सैल पाय म्हणजे खोल आसन असे गृहीत धरून चालत नाही. कित्येक नव्या रुंद विजारींत पाय हत्तीचा आणि आसन पूर्वीचेच आखूड असते. तयार पँट घेताना दुकानातल्या कोठडीत आरशासमोर उभे राहून पाहणे पुरेसे नाही. ती घालून तेथेच जमिनीवर मांडी घालून बसावे, हात गुडघ्यांवर ठेवून एकदा पुढे वाकावे, आणि मागचा पट्टा कमरेवर राहतो की खाली सरकतो ते पाहावे. मग पँट उतरवून उलटी करावी आणि मागच्या मधल्या शिवणीत बोट घालून आत किती कापड आहे ते चाचपावे. अर्धा इंचही नसेल, तर ती पँट कोणत्याही किमतीला महाग आहे. आणि बिदरच्या किंवा हुमनाबादच्या गल्लीत अद्याप हाताने बाक काढणारा एखादा शिंपी यंत्रासमोर बसलेला असेल, तर कापड त्याच्याकडे न्यावे, मोहरी त्याच्या आवडीवर सोडावी, आणि आसनाचे माप खाली बसून द्यावे.